ग्रंथाला वाचक मिळावा म्हणून
(हीरकमहोत्सवी समारंभातील भाषण)



महाविद्यालयाच्या ग्रंथालयाबाहेरचा फलक बहुतेकांच्या परिचयाचा असतो. नव्याने दाखल झालेल्या पुस्तकांची यादी त्यावर लावलेली असते : दाखलक्रमांक, नाव, लेखक, किंमत. मराठी माध्यमाच्या शाळेतून महाविद्यालयात नुकताच आलेला विद्यार्थी त्या फलकापुढे उभा राहतो, तेव्हा यातले कोणते पुस्तक आपल्यासाठी आहे, याचे उत्तर त्याला त्या यादीत सापडत नाही. विज्ञानाची पाठ्यपुस्तके एकाएकी इंग्रजीत आलेली असतात, मराठी वाचन मागे पडलेले असते आणि इंग्रजी अवांतर वाचनाची सवय अद्याप लागलेली नसते. या दोन-तीन वर्षांत सुटलेले वाचन पुष्कळांच्या हाती पुन्हा कधीच लागत नाही. म्हणूनच योग्य वेळी योग्य पुस्तक सुचवणारे कोणी भेटणे, ही गोष्ट वरवर वाटते तितकी किरकोळ नाही.

या प्रश्नाचा आपल्या देशात सर्वांत कसून विचार केला तो डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. मूळचे ते गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर पहिले दिवस त्यांना इतके कंटाळवाणे वाटले की, त्यांनी पुन्हा वर्गावर परतण्याची इच्छा व्यक्त केली. त्यानंतर ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत मजूर, गृहिणी, मुले मोकळेपणाने कपाटांपाशी जातात, हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे मन पालटले. परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातील कपाटे वाचकांसाठी खुली केली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. ग्रंथ राखून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय सतत वाढत राहणारी संस्था आहे, असा त्या सूत्रांचा आशय आहे.

रंगनाथन यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ बंगळुरूत गेला. १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या वतीने त्यांनी तेथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी त्याच शहरात त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची बचत त्यांनी पत्नी शारदा यांच्या नावाने मद्रास विद्यापीठाला, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिली. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथपालदिन म्हणून पाळला जातो. मात्र त्यांच्या पाच सूत्रांपैकी तिसरे, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याचे सूत्र, सर्वाधिक दुर्लक्षित राहिले आहे. वाचक पुस्तक शोधत येतो, तेव्हा दुसरे सूत्र कामाला येते. पण जो शोधत येत नाही, कारण काय शोधावे हेच त्याला ठाऊक नसते, त्याच्यासाठी तिसरे सूत्र आहे. तेथे पुस्तकालाच वाचकाकडे जावे लागते आणि ते आपल्या पायांनी जात नाही. कोणीतरी ते नेऊन द्यावे लागते.

बंगळुरू आणि मराठी वाचक यांना जोडणारा एक धागा येथे आठवण्याजोगा आहे. १९३३ साली कमला भागवत नावाची मुंबईची तरुणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यासाठी गेली. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ती स्त्री आहे म्हणून नकार दिला. तिने तो मानला नाही. अखेर अटी घालून तिला प्रवेश मिळाला आणि तिच्या कामाने रामन यांचे मत बदलले. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या डॉ. कमला सोहोनी त्या ह्याच. त्यांनी आहारशास्त्रावर ‘आहार-गाथा’ हे पुस्तक मराठीत लिहिले. त्यांच्या थोरल्या भगिनी म्हणजे ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या दुर्गा भागवत. एकाच घरातल्या दोघी बहिणी, एक प्रयोगशाळेत आणि एक ग्रंथांत रमलेली. आणि दोघींनाही आपले म्हणणे मराठीत सांगता आले. विज्ञानाकडे वळायचे म्हणजे मराठी सोडायची, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना ही हकीकत ठाऊक असायला हवी.

अशा विद्यार्थ्याला सुचवावी अशी पुस्तके कमी नाहीत. विज्ञान शाखेत गेलेल्या मुलाच्या हाती जयंत नारळीकर यांचे ‘आकाशाशी जडले नाते’ पडावे. वर्गात इंग्रजीतून कानांवर पडणाऱ्या कल्पना आपल्या भाषेत समजल्या, की इंग्रजी पुस्तकाचीही भीती कमी होते. त्यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे असा तो प्रवास घर सोडून शिकायला निघालेल्या कोणालाही जवळचा वाटेल. शिक्षणाची संधी आपल्याला उशिरा मिळाली, अशी खंत बाळगणाऱ्या आईसाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. शाळेचे रीतसर शिक्षण न झालेल्या त्या लेखिकेची मराठी आजही ताजी आहे. दयाळू शब्दांत झाकलेले नव्हे, तर उघडे वास्तव पाहण्याची तयारी असलेल्या तरुणाला दया पवार यांचे १९७८ सालचे ‘बलुतं’ द्यावे.

आणि नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यासाठी उमा कुलकर्णी यांचे अनुवाद आहेत. एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’ या कन्नड कादंबरीच्या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ‘पर्व’ ही भैरप्पांची महाभारतावरची कादंबरीही त्यांनीच मराठीत आणली. ज्या शहराचे अन्न खायचे, त्या शहराच्या भाषेतील मोठा लेखक निदान आपल्या भाषेतून वाचावा. शेजाऱ्याशी बोलण्याचे ते पहिले पाऊल ठरते. गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले, तेही याच वाटेवरचे.

ही यादी अपुरी आहे, आणि ती अपुरीच असायला हवी. शिफारशीची खरी ताकद नावांच्या संख्येत नसते. हे पुस्तक कोणासाठी आहे आणि का, या एका वाक्यात ती असते. महाविद्यालयाच्या फलकावरील यादीत प्रत्येक नावापुढे असे एक वाक्य लिहिले गेले, तर त्या फलकाचा उपयोग कितीतरी वाढेल. त्यासाठी निधी लागत नाही. पुस्तक वाचलेला माणूस मात्र लागतो.

शाळेचा उत्सव आला, की माजी विद्यार्थी कृतज्ञतेने कपाटे देतात, पुस्तकांचे संच देतात. ते देणे मोलाचे आहे. पण कुलूपबंद कपाटातला संच हे रंगनाथन यांच्या पहिल्याच सूत्राचे उल्लंघन आहे. म्हणून प्रत्येक दात्याने पुस्तकाबरोबर आपला एक तासही द्यावा. आठवी-नववीच्या वर्गात बसून, आपण त्या वयात काय वाचले आणि त्यातले काय उरले, एवढे सांगावे. पालकांनी मुलाच्या गुणपत्रिकेइतक्याच आस्थेने त्याचे ग्रंथालयाचे कार्ड पाहावे. आणि ते कोरे असेल, तर रागावण्याऐवजी स्वतः एक पुस्तक घेऊन त्याच्याजवळ वाचत बसावे.

साठ वर्षांत या शाळेने किती विद्यार्थी घडवले, याची मोजदाद होईल. त्यांच्यापैकी किती जण आज वाचतात, हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. तरीही शाळेच्या शिकवणीची कसोटी तीच आहे; आणि आजचा समारंभ संपल्यावर घरी जाऊन एखादे पुस्तक उघडले, तर त्या कसोटीला प्रत्येकाला उतरता येईल.