भूखंडाचा भाव आणि भूखंडाची पत



चार पैसे शिलकीस पडले कीं आपला मध्यमवर्गीय गृहस्थ प्रथम जागेकडे वळतो. सोनें कपाटांत राहतें, ठेवपावती पेटींत राहते. जागा मात्र पाहुण्यांना नेऊन दाखवितां येते. यवतमाळहून दारव्ह्याच्या किंवा आर्णीच्या रस्त्याला लागलें म्हणजे, कालपरवांपर्यंत जेथें पऱ्हाटी उभी होती तेथें सिमेंटचे खुंट आणि रंगीत फलक दिसतात. भाव वाढतील कीं नाहीं, हें मी सांगणार नाहीं. भाव विचारण्यापूर्वीं काय विचारावें, एवढाच आजचा विषय आहे.

‘दहा वर्षांत दुप्पट’ हें विक्रेत्याचें आवडतें वाक्य. समजा, भूखंड १५ लाखांचा आहे आणि तो खरोखरच ३० लाखांस विकला गेला. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे दरसाल सव्वासात टक्क्यांहूनही किंचित् कमी. त्यांतून मुद्रांक व नोंदणीचा खर्च ढोबळ मानानें ७ टक्के वजा करा. विकतांना नफ्यावर जुलै २०२४ पासून लागू असलेल्या १२.५ टक्के दरानें कर भरा. पदरांत दरसाल पावणेसहा टक्क्यांच्या आसपास पडतात. मोकळा भूखंड भाडें देत नाहीं, अडीअडचणीला आठ दिवसांत विकलाही जात नाहीं. हा हिशोब सौदा फळला तर!

मग माणसें घेतात कशाच्या भरंवशावर? पुष्कळदां रेल्वेच्या. १९०३ सालीं कापूस वाहून नेण्यासाठीं यवतमाळ-मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा मार्ग झाला; लोकांची ती लाडकी ‘शकुंतला’ आतां बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाला २००८ च्या सुमारास मंजुरी मिळाली, आणि त्यांतील वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाला. मंजुरीची बातमी वाचून ज्यानें जागा घेतली, त्याला कळंबपर्यंतची गाडी पाहावयास पंधरा वर्षें थांबावें लागलें. काम होत नाहीं असें नव्हे. पण त्या पंधरा वर्षांचें व्याज घेणाऱ्याच्या खिशांतून गेलें. जें आज आहे त्याचे पैसे द्यावेत. जें जाहीर झालें आहे त्याचे देऊं नयेत, असें माझें मत आहे.

आतां कागद. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून हस्तांतर होत नाहीं. केळापूर, झरी-जामणी, मारेगांव, घाटंजी या भागांत आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ अन्वयें अशी जमीन बिगर-आदिवासीनें घ्यावयाची, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व शासनाची मान्यता लागते. आणि हें बंधन योग्यच आहे. स्वस्त मिळते म्हणून त्या वाटेला जाऊं नये. शहरांतील जुनी जागा नझूलची असल्यास भाडेपट्ट्याची मुदत व अटी पाहाव्यात. शेताचे गुंठ्या-गुंठ्यानें पाडलेले तुकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या कक्षेंत येतात. अलीकडे त्यांत सवलती दिल्या गेल्या. आपला तुकडा त्यांत बसतो काय, हें दलालाला नव्हे, तहसील कार्यालयाला लेखी विचारावें. ५०० चौरस मीटरांहून मोठा व आठांहून अधिक भूखंडांचा ले-आऊट असेल, तर महारेराच्या नोंदणीशिवाय त्याची जाहिरातही करतां येत नाहीं; तो क्रमांक फलकावर नसेल तर तेथूनच परतावें. आणि नोटरीच्या शिक्क्याचा शंभर रुपयांचा मुद्रांक-कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मालकी नोंदणीकृत खतानेंच येते.

कागद चोख निघाला तरी माती राहिलीच. आपली काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. पऱ्हाटीला ती मानवते. उथळ पायाच्या घराच्या मात्र भिंती तडकतात. अशा मातीसाठीं रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें तळाशीं कंदासारखे फुगविलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. पायाचा हा वाढीव खर्च अभियंत्याकडून आधीं काढून घेऊन भूखंडाच्या किंमतींत मिळवावा. दोन ‘स्वस्त’ जागांतील खरी स्वस्त कोणती, तें तेव्हां कळतें.

पाण्याचेंही तेंच. निळोणा व चापडोह या धरणांवर विसंबलेल्या यवतमाळकरांनीं २०१८ च्या उन्हाळ्यांत टँकरमागें धांवतां धांवतां काय सोसलें, तें पुष्कळांना आठवत असेल. बेंबळा धरणावरून जलवाहिनीची योजना त्यानंतर नेटानें पुढें रेटण्यांत आली. पण वाहिनी शहरांत येणें वेगळें आणि हद्दीबाहेरच्या ले-आऊटमध्यें नळ येणें वेगळें.

याउलट, वणीकडे कोळशाच्या खाणींतील नोकरांना किंवा यवतमाळांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना भाड्यानें देतां येईल असें बांधलेलें घर, भाव न वाढला तरी दरमहा कांहीं हातीं देतें. तेथेंही वर्षांतून दोन महिने घर रिकामें राहील असें धरूनच उत्पन्न मोजावें, आणि वणीकडे शेजारीं सुरुंगाचे हादरे पोंचतात काय, तें भाडेकऱ्यांनाच विचारावें.

इसार देण्यापूर्वीं जागा दोनदां पाहावी: एकदां मे महिन्यांत, शेजाऱ्याच्या विहिरींत डोकावून, आणि एकदां जुलैअखेरच्या संततधारेंत, दलालाला न कळवितां, पायीं.