विवाहवेदीपासून आंबोली घाटापर्यंत
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त केलेले भाषण)



कोल्हापुरातील धर्मगुरूचा एखादा दिवस कसा जातो ते आम्ही सांगावे, अशी चालकांची इच्छा आहे. आम्ही विवाहाचा दिवस निवडला आहे. कारण त्या दिवशीच्या आमच्या कामाविषयी आपल्या लोकांत गैरसमज फार. ‘फादरांनी लग्न लावले’ असे सर्रास म्हटले जाते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. हा संस्कार वर आणि वधू एकमेकांस देतात. धर्मगुरु त्यांची संमती विचारतो, ती ख्रिस्तसभेच्या नावाने स्वीकारतो, आणि साक्षी राहतो.

साक्षीदाराला कामे मात्र थोडी नसतात. बाप्तिस्म्याचे दाखले मागवावयाचे, विवाहाचे पुकारे वेदीवरून वाचावयाचे, कोणाची हरकत आल्यास तिची चौकशी करावयाची. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाची वेळ सकाळी ६ ते सायंकाळी ७ अशी ठरविली आहे; बिशपांचा परवाना असल्यास आपल्या धर्मगुरूस रात्रीही विवाह लावता येतो. आमच्यावर तो प्रसंग अद्याप आला नाही, तरी बँडवाले आपल्याकडून कसूर करीत नाहीत.

गेल्या वैशाखातील एक विवाह सांगतो. वधू आपल्या धर्मग्रामातील, विधवा आईची एकुलती एक मुलगी, वर सावंतवाडीकडील. आदल्या रात्री रोस झाला. कोकणातून आलेल्या वृद्ध स्त्रियांनी ओव्या म्हटल्या. दुसऱ्या दिवशी वेदीपुढे आम्ही संमती विचारली, तेव्हा वधूचा आवाज इतका खोल गेला की आम्हासही ऐकू येईना. साक्षीदारास ऐकू आले पाहिजे. म्हणून पुन्हा विचारले. या खेपेस तिचे उत्तर शेवटच्या बाकापर्यंत पोहोचले. आईने पदर डोळ्यांस लावला.

सह्या झाल्या, तरी काम संपत नाही. विवाहाची नोंद वराच्या व वधूच्या बाप्तिस्म्याच्या पुस्तकातही व्हावी लागते. १९०७ च्या रोमच्या आज्ञापत्रात हा नियम आला, व १९०८ च्या ईस्टरपासून ते आज्ञापत्र अमलात आले. हेतू असा की, एकदा विवाहबद्ध झालेल्याने दूर गावी जाऊन अविवाहित म्हणून उभे राहू नये. वधूचे पुस्तक आजऱ्यास होते. आईचे माहेर तेथले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून बाप्तिस्माही तेथलाच. वराचे पुस्तक घाटाखाली. अशी पत्रे टपालानेही जातात. परंतु वऱ्हाडाने आग्रह केला, व दोन्ही पत्रे खिशात घालून आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे मोटारीत बसलो. मुलीला पोचवावयास आईही निघाली.

कोल्हापुराहून कोकणात उतरावयास आंबा, गगनबावडा, फोंडा असे घाट आहेत. सावंतवाडीस आंबोली सोयीची. वाट सुमारे दीडशे किलोमीटरांची. कागलजवळ दूधगंगा ओलांडली, पुढे वेदगंगा. निपाणीस घटकाभर कर्नाटकाच्या पाट्या वाचल्या, आणि उत्तूरवरून आजऱ्यास आलो. येथील घनसाळ तांदळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले; वधूच्या मामांकडे तो भात खाल्ल्यावर मानांकनाची गरजच काय, असे आमच्या मनात आले. पहिले पत्र येथे पोचले.

आजऱ्यापुढे झाडी दाट होत जाते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस झेलणारे हे गाव वैशाखात मात्र शांत असते. धबधब्याची जागा ओल्या खडकावरून ओळखावी लागते. रस्त्याच्या कडेला मुले पानांच्या द्रोणांतून करवंदे विकीत होती. येथेच हिरण्यकेशी उगम पावते. आजऱ्याजवळून वाहणारी तीच ही नदी. ती घटप्रभेस, घटप्रभा कृष्णेस मिळून हे पाणी पूर्वसमुद्रास जाते. माथ्यापलीकडे पडलेला पाऊस अरबी समुद्राचा. जिचे पाणी लहानपणी भरले, त्या नदीचा उगम आईने पूर्वी कधी पाहिला नव्हता. ती मोटारीतून उतरली, त्या पाण्याने तोंड धुतले, आणि मुलीच्याही तोंडावरून ओला हात फिरविला. कोणी काही बोलले नाही.

मग उतार लागला. वळणामागून वळण; डावीउजवीकडे फणस, जांभळी, आणि खाली कोकणाची निळसर धूसर पट्टी. दाणोलीस पोहोचेपर्यंत हवा दमट झाली होती. घाटावरला व घाटाखालचा हा मुलूख २००५ सालापासून सिंधुदुर्ग या एकाच धर्मप्रांतात आहे. पण माय-लेकींच्या हिशेबी मधला डोंगर काही लहान होत नाही.

वराच्या धर्मग्रामातील फादरांनी जुने पुस्तक काढले. वराच्या बाप्तिस्म्याच्या ओळीजवळ, समासात, त्यांनी वधूचे नाव, तारीख व कोल्हापूर ही अक्षरे लिहिली. आईने ती वाचून घेतली. मग व्याह्यांसमक्ष आम्हास म्हणाली, “फादर, पहिले बाळंतपण माझ्याकडे व्हायचे. आपल्या कोल्हापूरच्या पुस्तकात एक ओळ मोकळी ठेवा.”

व्याही हसले, पण नाही म्हणाले नाहीत.