वेताळाला मराठी कुणी शिकवलं?

(आपल्या मंडळाच्या गार्चिंग येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विज्ञानाच्या गावात कॉमिक्सवर भाषण कशाला, असं काहींना वाटलं असेल. या गावाची ओळख १९५७ साली सुरू झालेल्या अणुभट्टीमुळे झाली. तिचा अंड्यासारखा घुमट गावाच्या बोधचिन्हातही आहे. इथे जमलेल्यांपैकी निम्मे तरी कुठल्या ना कुठल्या संशोधनसंस्थेत काम करतात. पण विषय तुमच्याआमच्या कामाचाच आहे: एखाद्या निर्मितीवर नाव कुणाचं लागतं आणि हक्क कुणाचा राहतो.

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी, म्हणजे बेनेट, कोलमन कंपनीने, इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्या बत्तीस अंकांत ली फॉकचा फँटमच होता, आपला वेताळ. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. तो गोविंद ब्राह्मणियांनी काढला. सुरुवातीची कितीतरी मुखपृष्ठंही त्यांचीच. इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांतून हे अंक निघाले आणि १९९० मध्ये बंद पडले.

मूळ कथेत वेताळाचा देश 'बेंगाली' होता. आपल्याकडे तो बंगालशी जुळेल म्हणून त्याचं 'डेंकाली' केलं. म्हणजे इथे नुसतं भाषांतर होत नव्हतं. कुणीतरी विचार करत होतं, वाचकाला काय खटकेल हे तोलत होतं. फुग्यात मावेल एवढंच वाक्य लिहायचं, तेही दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं, हे काम सोपं नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकाबाहेरचं पहिलं मराठी वाचलं ते या फुग्यांत. ते मराठी लिहिणाऱ्यांची नावं मात्र कथेच्या पानांवर शोधून सापडत नाहीत. ली फॉक सगळ्यांना ठाऊक आहे. वेताळाला मराठी शिकवणारा कोण, हे आपल्याला ठाऊक नाही.

याच इंद्रजालमध्ये गार्थ नावाचा एक ब्रिटिश नायकही येऊन गेला. काळातून आणि अवकाशातून फिरणारा हा बलदंड गडी २४ जुलै १९४३ रोजी लंडनच्या डेली मिररमध्ये अवतरला. स्टीव्ह डाउलिंग आणि गॉर्डन बॉशेल यांनी तो निर्माण केला आणि तो १९९७ पर्यंत चालला. चोपन्न वर्षांत लेखक-चित्रकार बदलत गेले, गार्थ वर्तमानपत्राचा राहिला. १९७१ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो फ्रँक बेलामींनी काढला. या बेलामींचं नाव आणखी एका कहाणीत येतं. ती जास्त कडू आहे.

१४ एप्रिल १९५० रोजी ईगल हे ब्रिटिश साप्ताहिक निघालं. संपादक मार्कस मॉरिस हे चर्चमधले धर्मोपदेशक. पहिल्या पानावर फ्रँक हॅम्पसन यांचा अंतराळवीर डॅन डेअर. पहिला अंक नऊ लाखांच्या आसपास खपला. सुरुवातीच्या काळात शास्त्रीय सल्ल्यासाठी आर्थर सी. क्लार्क होते. साउथपोर्टमधल्या एका जुन्या बेकरीत हॅम्पसननी स्टुडिओ थाटला. यानांच्या प्रतिकृती बनवायच्या, माणसांना उभं करून फोटो काढायचे, मग चित्र काढायचं. कथेतल्या शास्त्रज्ञ प्रोफेसर पीबॉडी यांचा चेहरा स्टुडिओतल्याच चित्रकार ग्रेटा टॉमलिन्सन यांचा होता. १९५० साली मुलांच्या कॉमिकमध्ये एक बाई शास्त्रज्ञ म्हणून मोहिमेवर जाते, ही लहान गोष्ट नव्हती.

पण डॅन डेअरचे हक्क हॅम्पसनकडे नव्हते, प्रकाशकाकडे होते. १९५९ मध्ये ईगलची मालकी बदलली. नव्या मालकांना हा स्टुडिओ महाग वाटला. त्याच वर्षी हॅम्पसन डॅन डेअरपासून दूर झाले आणि ते काम बेलामींकडे गेलं, यानं आणि पोशाख नव्याने काढण्याच्या सूचनेसह. १९७५ मध्ये इटलीतल्या लुक्का इथे जगभरच्या कॉमिक्सवाल्यांनी हॅम्पसन यांचा युद्धोत्तर काळातले सर्वश्रेष्ठ म्हणून गौरव केला. तोवर ते एका तंत्रमहाविद्यालयात साध्या नोकरीवर होते. १९८५ मध्ये ते गेले. दरम्यान १९७७ मध्ये '२००० एडी' या नव्या साप्ताहिकात डॅन डेअर परत आला होता, ओळखू न येण्याइतका बदलून.

हे २००० एडी महत्त्वाचं आहे. तोवर ब्रिटिश कॉमिक्समध्ये लेखक-चित्रकारांची नावं सहसा छापतच नसत. केव्हिन ओ'नील या तरुण कला-सहायकाने वरिष्ठांची परवानगी न घेता पानांवर नावांची छोटी चौकट टाकायला सुरुवात केली, असं सांगतात. नाव मिळालं, हक्क मात्र नाही. ॲलन मूर आणि इयन गिब्सन यांची 'हेलो जोन्स' ही मालिका १९८४ ते ८६ मध्ये तीन भागांपर्यंत आली. पुढचे भाग मूर यांच्या मनात होते. हक्कांवरून मतभेद झाले आणि मालिका तिथेच थांबली. वाचकाचं नुकसान होतं ते असं.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनमध्ये निर्मात्याला आपलं नाव लावून घेण्याचा हक्क १९८८ च्या कायद्याने मिळाला. भारताच्या १९५७ च्या कायद्यात कलम ५७ पहिल्यापासून आहे: हक्क विकले तरी 'हे माझं आहे' असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाला बळ दिलं. अनुवाद ही कायद्याने स्वतंत्र साहित्यकृती आहे. म्हणजे कायदा होता. नव्हती ती रीत, आणि मागणाऱ्याची ताकद.

जर्मनीत तर लेखकाला आपला मूळ हक्क विकताच येत नाही, फक्त वापराची परवानगी देता येते. आपल्या म्युनिकमध्ये १९५८ पासून फाउ-गे वोर्ट ही संस्था आहे. फोटोकॉपी यंत्रांवरचा आकार, ग्रंथालयांतून मिळणारा पैसा ती गोळा करते आणि लेखकांना, अनुवादकांना, शास्त्रीय लेखन करणाऱ्यांनाही वाटते. २०१६ मध्ये एका लेखकाने थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत लढून प्रकाशकांचा सरसकट वाटा बेकायदा ठरवून घेतला. २०२१ च्या कायद्याने प्रकाशकांना पुन्हा वाटा मिळाला, पण लेखकासाठी किमान दोन तृतीयांश राखूनच. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी या संस्थेकडे नाव नोंदवलंय?

आपण शोधनिबंध लिहितो. नाव आपलं छापतात, पण वर्षानुवर्षं आपण हक्क नियतकालिकाला सही करून दिले आणि आपलंच ग्रंथालय तो निबंध पैसे मोजून विकत घेत आलं. त्याविरुद्ध २००३ मध्ये माक्स प्लांक संस्थेच्या पुढाकाराने बर्लिन जाहीरनामा निघाला आणि हळूहळू चित्र बदलतंय. आपल्याला नाव तरी मिळत होतं, कारण नावावरच आपली नोकरी ठरते. अनुवादकाकडे तेही नव्हतं.

एक उदाहरण उलट दिशेचं. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव नको म्हणून. नाव झाकण्याची मोकळीक त्यांना होती, कारण ते केव्हाही उघडता येणार होतं. इंद्रजालच्या भाषांतरकारांना हा पर्याय कुणी दिला नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, आपल्या पत्रकात जे काही अनुवादित छापू त्यावर अनुवादकाचं नाव मूळ लेखकाच्या शेजारी, त्याच आकारात असावं. दोन, तुमच्यापैकी कुणाच्या घरात आई, काका, मावशी अशा अनाम भाषांतराच्या कामात होत्या का, विचारा. ज्यांची हरकत नसेल त्यांच्या आठवणी नोंदवून घेऊ. ही माणसं आता वयस्कर आहेत, उशीर परवडणार नाही. तीन, जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं एकमेकांना पाठवताना आपण 'आपलं बालपण' म्हणून पाठवतो. ती कुणाची तरी मजुरी होती, हेही सोबत लिहू या.

आता प्रश्न विचारा, आणि नावं आठवत असतील तर तीही सांगा.