मज्जातंतूंच्या बांगड्या
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने मला जे समजावून दिले, तेवढेच आज आपणापुढे ठेवते.

कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा मज्जातंतू मोठ्या माणसात सुमारे १ मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा धागा असतो! मूल रांगते, पडते, उड्या मारते, उंच होते. धागा ताणला जातो, परंतु तुटत नाही. हे कसे?

पेशीच्या पातळ पडद्याला आतून प्रथिनांचे अस्तर असते. अ‍ॅक्टिन या प्रथिनाची बांगड्यांसारखी कडी, आणि दोन कड्यांमध्ये स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे लवचिक धागे. १ मिलिमीटर लांबीत अशी ५,००० हून अधिक कडी बसतात. २०१३ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शाओवेई झुआंग या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रथम दाखवून दिली. तंतू वाढू लागला की ही वीण पेशीच्या मुख्य भागाजवळ सुरू होऊन टोकाकडे सरकते. टोपलीही बुडापासूनच विणतात, नाही का?

वीण बिघडली तर? २००७ साली शास्त्रज्ञांनी स्पेक्ट्रिन नसलेले १ मिलिमीटरचे कृमी तपासले. वळवळताना त्यांचे मज्जातंतू तुटत. हालचाल थांबविली, तर ते शाबूत राहत.

आता मुख्य गोष्ट सांगते. २०१० साली जपानात तान्हेपणीच झटके येणाऱ्या काही मुलांत स्पेक्ट्रिनच्या जनुकात दोष आढळला. तो आईवडिलांत नव्हता. मुलातच नव्याने उपजला होता. सर्वच झटक्यांचे कारण हे नव्हे. परंतु आपल्याकडे मुलाला झटके आले की पहिला प्रश्न आईला, "ग्रहणात विळीवर बसली होतीस का?" भगिनींनो, विळीचा आणि या विणीचा काडीइतकाही संबंध नाही. ती बिचारी आधीच खचलेली असते; त्यात आपण बोल लावायचा?

म्हणून विनंती एवढीच. अशा घरी जाल तेव्हा मूल डॉक्टरांकडे लवकर न्यायला सांगा, जमल्यास सोबत जा, आणि आईला दोष देणारे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा.