गोधडीचा नमुना कुणाचा?

(गोधड्या शिवून विकणाऱ्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोधडी शिवायला कुणी शिकवलं, असं विचारलं की आपण म्हणतो, "शिकवायचं काय त्यात? आई शिवायची, बघून बघून आलं." घरातली कामं उरकल्यावर, दुपारच्या वेळी शिवायची म्हणून तिला कुणी काम म्हटलं नाही. आपणही म्हटलं नाही.

आता गोधडीला शहरात गिऱ्हाईक आलं आहे. मागणी असते, "पारंपरिक नमुना हवा, पण पन्नास नग हुबेहूब एकसारखे हवेत." इथे आपण अडतो. कारण आजीच्या दोन गोधड्या कधी एकसारख्या नव्हत्या. मग परंपरेतून घ्यायचं काय?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं. तिथल्या बायका शेतात घालून विटलेल्या विजारी, सदरे, पिठाच्या पिशव्या जोडून गोधड्या शिवत. त्यांचा एक जुना नमुना म्हणजे 'हाउसटॉप', घराचं छप्पर. मध्ये एक तुकडा ठेवायचा आणि त्याच्या चारही बाजूंनी पट्ट्या जोडत बाहेर जायचं. नियम एवढाच. पट्टी किती रुंद, रंग कोणता, हे जिचं तिनं ठरवायचं. म्हणून नमुना एक असूनही प्रत्येकीची गोधडी वेगळी.

या बायका मतदानाच्या हक्कासाठीही उभ्या राहिल्या. लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला लागले तेव्हा, 1962 साली, पलीकडच्या गावी जाणारी नाव बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. 1966 साली त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली. 1972 मध्ये सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं मोठं काम मिळालं. सगळे अभ्रे मापात, एकसारखे. त्यातून मजुरी मिळाली, तीही गरजेची होती. पण उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या आणि त्या जाड कापडातून आपल्या मनाच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली याच गावच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये गावच्या काही जणींना पैशांच्या आणि हक्काच्या प्रश्नावरून कोर्टात जावं लागलं. 2008 मध्ये तो वाद मिटला. कौतुक झालं म्हणजे हिशोब चोख झाला असं नाही, एवढं आपण यातून लक्षात ठेवू.

आता आपल्या गोधडीकडे बघा. आपला धावदोरा कडेनं सुरू होतो आणि फिरत फिरत मध्यावर येतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी बायकांची कवंदीही कडेकडून आत येते. चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांचं फूल लागलं नाही, तर त्यांच्या लेखी ती पुरी होत नाही. परंपरा म्हणजे अशी रीत. ती छापील चित्रासारखी उतरवून घेता येत नाही.

जुनी लुगडी आता मिळत नाहीत. घरात येतात त्या पॉलिस्टरच्या साड्या. त्या निसटतात, ऊब कमी देतात. म्हणून आत जुनं सुती कापड घाला. इरकली काठ नसेल तर शाळेच्या गणवेशाची पट्टी लावा. आपल्या आज्याही हाताशी होतं तेच वापरत होत्या. नवीन नमुना असाच निघतो.

पण तीन गोष्टी गटानं ठरवायला हव्यात. एक, मागणी आली तर रीत एक ठेवू, रंगांची जुळणी प्रत्येकीची राहील, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचं. दोन, प्रत्येक गोधडीला किती तास लागले ते वहीत मांडायचं आणि किंमत त्यावरून काढायची. "फावल्या वेळात केलं" हे शब्द आपल्या तोंडून जाऊ द्यायचे नाहीत. तीन, गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव दोऱ्यानं घालायचं. गटाचं नाव असेलच, पण तिचंही हवं.

आपल्या आज्यांच्या गोधड्यांवर नावं नाहीत. पाहणाऱ्याला त्या कुणाच्या, हे कधीच कळणार नाही. तेव्हा आज घरून आणलेल्या जुन्या गोधड्या आधी इथे पसरू या. कुठलं कापड कुणाच्या लुगड्याचं, ठिगळ कधी पडलं, कुणी लावलं, जिला जे आठवतं ते तिनं सांगायचं आणि लिहिता येणाऱ्या दोघींनी उतरवून घ्यायचं. नमुने निवडायला त्यानंतर बसू.