विम्याच्या अर्जातलं 'नाही'

(कौंडण्यपूर येथे बचत गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हे रुक्मिणीचं माहेर. आपल्या लग्नाचं पत्र तिने स्वतः लिहून धाडलं, असं आपण कीर्तनात ऐकत आलो. मला आज दुसऱ्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे. त्यावर आपलं पुढचं आयुष्य अवलंबून असतं, पण तो आपण लिहीतही नाही आणि वाचतही नाही. तो म्हणजे नवऱ्याच्या आयुर्विम्याचा अर्ज.

माझ्याकडे एक बाई आली होती. नवरा गेलेला, पॉलिसीला दोन वर्षंही झालेली नव्हती आणि हातात दावा नामंजूर झाल्याचं पत्र. अर्जात 'तंबाखू खाता का?', 'दारू पिता का?' या दोन्ही प्रश्नांपुढे 'नाही' लिहिलेलं. दवाखान्याच्या कागदावर मात्र कित्येक वर्षांच्या दारूची नोंद. ती म्हणाली, "ताई, त्या कागदावर काय लिवलं होतं, मले काय मालूम? सही त्याइची, भरला एजंटानं, अन् जाब मले इचारते!"

बायांनो, कायदाही तिलाच जाब विचारतो. विमा कायदा १९३८ चा. त्याचं कलम ४५ हे २०१५ साली बदललं. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली, की अर्जातल्या माहितीवर कंपनीला बोट ठेवता येत नाही. पण त्याआधी मृत्यू झाला, तर महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा लपवली म्हणून दावा नाकारता येतो. फसवणुकीचा आरोप झाला आणि विमा काढणारा हयात नसला, तर आरोप खोडून काढण्याचा भार पैसे मिळणाऱ्यावर येतो. म्हणजे बहुतेक घरांत त्याच्या विधवेवर! आणखी एक. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली आणि कापूस विकल्यावर पुन्हा चालू केली, तर ती तीन वर्षं तिथून नव्याने मोजतात.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. आरोग्यविमा घेताना नवऱ्याने दारूचं जुनं व्यसन लपवलं होतं. खालच्या ग्राहक आयोगांनी पत्नीच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मग आपण लपवतो का? एजंट म्हणतो, "लिहू नका, हप्ता वाढेल." सासू म्हणते, "घरातलं बाहेर कशाला?" आणि आपणही नवऱ्याची दारू झाकतच आलो. खर्रा तर आपल्याकडे व्यसनात धरतच नाहीत. पण अर्जात तंबाखू म्हणजे विडी, खर्रा, गुटखा, सगळंच आलं. आपल्या नावाचा विमा असेल, तर आपली मिश्री आणि तपकीरसुद्धा.

खरं लिहिल्यावर हप्ता वाढू शकतो, हे मी नाकारत नाही. तो जड वाटला तर विम्याची रक्कम कमी घ्या. पण माहिती खरी द्या. जे लिहून दिलंय, ते लपवलं असं उद्या कोणी म्हणू शकणार नाही.

अर्ज भरताना आपण तिथे बसायचं. कोऱ्या अर्जावर सही करू द्यायची नाही. अंगठा असेल, तर मजकूर कोणी समजावून सांगितला त्याची सही घ्यायची. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत मागून घ्यायची आणि शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यायची. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. जुन्या अर्जात चुकीचं लिहिलं असेल, तर कंपनीला लेखी कळवून पोच घ्यायची.

आणि दावा नाकारला, तर रडत घरी बसायचं नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जायला हवं. अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोगही आहे.

नवऱ्याची दारू लपवून घराची अब्रू राखायचं काम बायकांकडेच आलेलं आहे. ती लपवल्याची शिक्षाही शेवटी आपल्यालाच होते. म्हणून आज घरी गेल्यावर पत्र्याची पेटी उघडा, पॉलिसी बाहेर काढा आणि त्या प्रश्नांपुढे काय लिहिलंय ते पाहा. पुढच्या बैठकीला ते कागद घेऊन या. आपण मिळून वाचू.