नळ आला तव्हा



मी पिंप्राळ्याचा. आम्ही शिकायला निघालो तेव्हा जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं. ते आलं 2018 साली. म्हणून मी मुंबईला गेलो. माझी खानदेशी बोली तिथे सगळ्यात जास्त कामी आली ती न्यूरॉलॉजीच्या पोस्टिंगमध्ये.

एका सकाळी कॅज्युअल्टीत एक गृहस्थ आले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं. काहीही विचारा, उत्तर एकच. नाव काय? "हाव." दुखतंय का? "हाव." मेंदूच्या डाव्या बाजूला, ब्रोकानं 1861 साली दाखवून दिलेल्या भागाचं रक्त तुटलं होतं. रजिस्ट्रारला मात्र हवी होती वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. घरच्यांच्या लक्षात कधी आलं, याला किंमत नाही.

बायको म्हणत होती, "सकायपासून." सकाळ म्हणजे पाच की नऊ? रजिस्ट्रार दक्षिणेकडचा, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून टेकीला आलेला. मावशी आमच्या भागातल्या दिसल्या म्हणून सरांनी मला पुढे केलं. मी विचारलं, "मावशी, नळ आला तव्हा दादा काय करत होते?"

"अरे, हंडे त्यांनीच भरले ना!"

आणि दूध? दुधाला जायला उठले नाहीत, पलंगावरच बसून राहिले. त्यांच्या चाळीत नळ साडेसहाला यायचा. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते. सीटी झाला, रक्तस्राव नव्हता, इंजेक्शन गेलं. (रक्तस्राव असता तर तेच इंजेक्शन जिवावर बेतलं असतं, बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतात.) ते काठी टेकत घरी गेले. बोलणं मात्र पूर्ण परतलं नाही.

न्यूरॉलॉजी म्हणजे एमआरआय, अशी हल्ली समजूत आहे. मला ती पटत नाही. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1971 साली एक निरीक्षण छापलं: तोल जाण्याचा आजार असलेल्या काही कुटुंबांत नजर एका जागेवरून दुसरीकडे फार सावकाश सरकते. सीटी स्कॅन तेव्हा आपल्याकडे नव्हताच. त्यांनी रुग्णांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं होतं, इतकंच. जगभर हा आजार वेगळा ओळखला जातो, त्याची सुरुवात तिथून आहे. त्याचं जनुक सापडायला पुढे पंचवीस वर्षं लागली.

आजपासून नावाआधी डॉक्टर लावणाऱ्या तुमच्यातले बरेच जण चोपडा, यावल, शिरपूरकडच्या आरोग्य केंद्रांत जाल. तिथे मशीन नसेल, पण चिठ्ठी तुमच्याच हातात असेल. तिच्यावर नुसतं 'लकवा' लिहून पेशंट पुढे ढकलू नका. शेवटचा चांगला कधी होता, ती वेळ लिहा. आधी साखर तपासा; साखर उतरली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं. गिळता येतं की नाही हे कळेपर्यंत तोंडातून पाणी-गोळी काही नको. बीपी वाढलेलं पाहून ते धाडकन उतरवायची घाई तर मुळीच नको. आणि सीटीवाल्याला आधी फोन करा.

आकडी आल्यावर नाकाला कांदा-चप्पल लावणाऱ्यांवर डाफरू नका. झटका डोळ्यांनी पाहिलेला माणूस तोच. तो बिथरला तर हिस्टरी कोण देणार? डोळे उघडे होते की मिटलेले, एवढ्यावरही निदान फिरतं. हल्ली कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असतोच, तो मागून घ्या.

पिंप्राळ्यात राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. आषाढीला आपला रथ निघतो, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी ड्यूटी असेल तर अ‍ॅम्ब्युलन्स कोणत्या गल्लीतून काढायची, ते आदल्या दिवशीच पोलिसांना विचारून ठेवा.